जांभूळटेकाचं शिवार बघितलं त्याची हकीकत

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

मुक्काम म्हसवड, श्रावण वद्य पंचमी, शके १८६८

राजमान्य राजश्री लालासाहेब पाव्हणं, मुक्काम सांगली, यांस दादासोचा दोन्ही हात जोडून रामराम. आमी सगळी हितं खुशाल हाय असं लिवायची रीत हाय म्हणून लिवतो. खरं काय ते खाली कळंलच. तुमचा गुडघा कसा हाय? रंगूबाई वैनींचा खोकला थांबला का? कृष्णामाई घाटाच्या पायऱ्या चढून वर आली असं कराडच्या स्टँडावर एक मानूस बोलत हुता, तवा तुमच्या हळदीच्या पेवात पाणी शिरलं न्हाई न्हवं, ते कळवा. हिकडं पाऊस म्हणाल तर आभाळ रोज येतंय, बघतंय आन् पुढं जातंय. बाजरी करंगळीएवढी हुती तवाच तिनं मान टाकली. मेंढरं हायत. तुमची भैन धोंडुबाई हाय, आन् तिचा आवाजबी हुता तसाच हाय. मी जित्ता हाय. हे शेवटचं मुद्दाम लिवलंय, कारण गेल्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते नक्की न्हवतं.

तर पाव्हणं, तुमी माझ्या सुलाला स्थळ लावलंत, त्याचे उपकार मानायचे का काय करायचं ते पत्र संपल्यावर ठरवू. पोरगा ज्योतिबा, पलटणीत, दिवाळीला सुटून येणार. बाप केरबा, पाटणच्या पलीकडं कोयनेच्या अंगाला जांभूळटेकावर घर. मानसं आपलीच, आज्याच्या येळच्या मोठ्या दुष्काळात मेंढरं घेऊन चाऱ्याला तिकडं गेली आन् तिकडचीच झाली. हे सगळं मला कबूल. पण तुमचं ते बोलणं, की पोरगा फोटूत बघा, घर डोळ्यानं बघा आन् शिवार पायानं बघा, त्यानं माझा घात केला. पायानं बघा म्हणलं तवा मला वाटलं आपल्यासारखं, म्हंजे बांधावर हुभं ऱ्हायचं, हात लांब करून 'हितनं त्या बाभळीपतूर' म्हणायचं, आन् चहाला माघारी यायचं. (तुमी सोता ते शिवार बघितलंय का वो? खरं सांगा. मला वाटतंय तुमी केरबाला सांगलीच्या पेठेतच भेटलाय.)

कराडपतूर सर्व्हिस मोटारीनं गेलो. लढाई संपून वरीस झालं तरी ती मोटार अजून कोळशावरच चालतीया, आन् चढ आला की उतारू ढकलत्यात. पाटणच्या पुढं चार कोस पायी. पहिला कोस बरा हुता. दुसऱ्या कोसाला झाडं सुरू झाली आन् मी दर चार पावलांवर मागं वळून बघायला लागलो. तुमाला हे कसं सांगू? आवं, आपल्या माळावर सकाळी तोंड धुताना मानूस नजर टाकतो तर कोसभर मोकळं. पाव्हणा येताना दिसला की चुलीवर आधण ठेवावं, तो पोचतोय तवर चहा उकळतोय. देणं मागायला कुणी येत असला तरी पांघरूण घ्यायला येळ मिळतो. लांडगं आलं तर मेंढरांच्या आधी मला दिसतं. साठ वर्सं मी असा जगलो. आन् तिथं, गड्या, दोन हातांवर काय हाय ते दिसत न्हाई! पान, पानाच्या मागं पान, त्याच्या मागं वेल, वेलाच्या मागं अंधार, आन् त्या अंधारात कोण बसलंय ते एका देवाला ठावं. मी भित्रा न्हाई हे तुमाला म्हाईत हाय. (म्हाईत नसंल तर धोंडुबाईला विचारू नका.) पण जे दिसतंय त्याला भ्यायची मला सवय हाय, न दिसणाऱ्याला कसं भ्यायचं ते मला कुणी शिकवलं न्हाई, म्हणून मी सगळ्यालाच भ्यायला लागलो.

सोमवारी सकाळी न्याहारी झाली. केरबाच्या पायात काटा मोडून पाय हा एवढा सुजलेला, म्हणून शिवार दाखवायला त्यानं आपल्या आईला संगं दिलं. राहीबाई तिचं नाव. वय विचारलं तर म्हणाली, प्लेगच्या साली मला दोन पोरं हुती. तुमीच हिशेब करा. अंगानं वाळल्या शेंगेसारखी, कमरेला कोयता, पायात कायबी न्हाई. मला वाटलं म्हातारी परसापतूर नेईल आन् दम लागला म्हणून बसंल. जेवायच्या येळेला माघारी येऊ, अर्ध्याच दिसाचं काम हाय, असं ती म्हणाली. तिनं माझ्या डोक्यावर इरलं चढवलं. इरलं म्हंजे बांबूच्या कामट्या आन् पानं विणून केलेली पालथी डोणी; ती डोक्यापास्नं कमरंपतूर पाठीवर घ्यायची, पाऊस लागत न्हाई. पण त्याच्याखालनं फकस्त आपलं पाय दिसत्यात, आन् वर पावसाचा असा ताशा वाजतो की मागनं हत्ती आला तरी कळू नये. मग तंबाखू-चुन्याचा लेप घेऊन आली, पायाला लावा म्हणाली, जळवा धरत न्हाईत. म्या म्हणलं, आत्याबाई, आमी मानदेशी मानसं, आमच्या अंगात रगत कमी, जळू आली तरी उपाशी जाईल. ती हसली. तिच्या तोंडात दोनच दात, पण ते दोनीबी मला हसले.

त्यांचं शिवार कसं हाय ते ऐका. डोंगराच्या उतारावर दोन वाफं नाचणीचं, मग रान. मग एक पट्टी वरीची, मग परत रान. मग नाचणी, मग पुन्हा रान. नांगर चालत न्हाई, सगळं कुदळीनं खणलेलं, आन् वाफा इतका तिरका की वरच्या वाफ्यात मानूस घसरला तर खालच्या तीन वाफ्यांची वाट लावून शेजाऱ्याच्या अंगणात रामराम घालायला पोचावा. पीक मातर, खोटं कशाला बोलू, अशी हिरवीगार नाचणी मी जन्मात बघितली न्हवती. आन् तिथंच माझी चूक झाली. उभ्या पिकात वहाणा घालून शिरायचं न्हाई, लक्षुमी हाय ती, असं माझ्या बानं मला चाबकानं शिकवलंय, आन् आपल्याकडं पीक उभं ऱ्हातंय तीन वर्सांतनं एकदा, तवा वहाणा काढायचा तरास असा काय पडत न्हाई. हितं दर पन्नास पावलांवर पीक! बांध आला की मी खाली बसायचो, वहाणा काढायचो, हातात घ्यायचो, नाचणीच्या पाया पडायचो, पलीकडं जाऊन परत बसायचो, घालायचो, तवर पुढचा बांध हजर. म्हातारी अनवाणीच, तिला हा प्रश्नच न्हाई. ती आपली शेळीसारखी पुढं. चार येळा थांबली, पाचव्या येळेला माघारी वळून मला हळूच विचारलं, पाव्हणं, पोट बिघडलंय का, सारखं बसताय त्ये? म्या न्हाई म्हणलं. तिचा इश्वास बसला न्हाई. तवापास्नं मी बसलो की ती लाजून तोंड फिरवून पुढं निघून जायची.

चालताना तिचं तोंड थांबत न्हवतं. ह्या झाडाला अस्वल पाठ घासतंय. ह्या चिखलात गवा लोळून गेलाय, सकाळचाच हाय, कड अजून वल्ली हाय. आपण गावातनं जाताना हा पाटलाचा वाडा, हा सुताराचा, असं पाव्हण्याला दाखवतो न्हवं, तसं ती दाखवत हुती, आन् प्रत्येक घरवाला नुकताच भाईर पडलेला! एका सालीवर नखांचे वरखडे माझ्या टोपीच्याबी वर. म्या विचारलं हे कुणाचं, तर तिनं तोंडावर बोट ठेवलं. त्या रानात वाघाचं नाव घेत न्हाईत, नाव घेतलं की तो येतो. (हितं म्हसवडात बसून लिवतोय म्हणून घेतलं, तिथं असतो तर ही ओळ कोरी सोडली असती.) आता तुमीच सांगा, एखादा शब्द बोलायचा न्हाई म्हणलं की तोंडात दुसरं काय येतंय का? पुढं अर्धा कोस मी दात आवळून चाललो. वाटलं, खोकला आला तरी तोच शब्द भाईर पडंल. तेवढ्यात खाली बघतो तर पायावर रगताचा ओघळ! दुखत न्हाई, खुपत न्हाई, आन् रगत चाललंय. मला वाटलं साप चावला, आता दुखत न्हाई म्हंजे पाय मेलाच. बघतो तर जळवा. बोटांच्या बेचक्यात तीन, घोट्याला दोन, पोटरीला चार, फुगून कपाशीच्या बोंडाएवढ्या. रगत कमी म्हणून सांगितलेल्याची अब्रू गेली. म्हातारीनं लेप लावून एकेक पाडली, आन् म्हणाली, मानदेशात रगत बरं दिसतंय.

सातवा का आठवा वाफा असंल. मी बसलो, एक वहाण काढली, दुसरी काढाया गेलो तर ती चिखलानं धरली. मी वढतोय, चिखल वढतोय. तेवढ्यात धुकं उतरलं. उतरलं म्हंजे कसं, कुणीतरी वरनं ओलं घोंगडं टाकावं तसं माझ्या अंगावरच पडलं. मान वर केली तर म्हातारी न्हाई. नाचणी न्हाई. माझा हात लांब केला तर तोबी न्हाई! आत्याबाई, म्हणून हाळी दिली. ती हाळी धुक्यात दोन हातांवर जाऊन बसली. पाव्हणं, मी मेंढरामागं हिंडलेला मानूस, रस्ता चुकणं म्हंजे काय ते मला ठाऊकच न्हाई. आपल्याकडं चुकायला रस्ता आडोसा तरी कुठं देतो? मी हुभाच ऱ्हायलो. वहाणा चिखलाला दिल्या. आन् मग रानात काहीतरी मोडलं. कडाड करून. मग श्वास ऐकू आला. माझा न्हवं, माझा तवा बंदच हुता. मोठा, जड, घोगरा श्वास. त्या एका शब्दावर मी तासभर दात आवळले हुते, तरी मनात तो मी घेतला असणार, आन् ज्याचं नाव घेतलं तो आला.

पळालो. कुठं ते इचारू नका. काटं लागलं, वेल लागली, इरलं कुठंतरी फांदीवर टांगलं गेलं, ते अजून तिथंच असंल. एका जागी अंधार एकदम दाट झाला. झाडं अशी, की चार गड्यांनी हात धरले तरी बुंध्याला कवळा बसू नये, आन् वर पानांचं छत इतकं जाड की पाऊस तिथपतूर येतोय पण खाली पोचायला त्याला येळ लागतोय. मी एका झाडाला मिठी मारली आन् डोळं मिटलं. सिद्धनाथाला हाक मारली. मग मनात आलं, सिद्धनाथाचा अंमल माणगंगेपतूर, हितं तो पाव्हणा, त्याचं कोण ऐकणार? तवर श्वास जवळ आला. पालापाचोळा वाजाया लागला. मला, पाव्हणं, सुला दिसली. आमची पोर घरी उंबऱ्यावर बसून वाट बघत असंल आन् तिला सांगायला कोण जाईल, हे मनात आलं आन् मी रडलो. आन् मोठ्यांदा वरडलो, की जो कुणी देव हितं असंल त्यानं मला उजेडात न्यावं, पोरगी ह्याच घरात दिली! दिली! दिली! तीन डाव.

डोळं उघडलं तर पुढ्यात म्हैस. केरबाची. सकाळी चरायला सुटलेली. आन् म्हशीच्या मागं राहीबाई, कमरेवर हात ठेवून, दोन दात दाखवत. ती म्हशीला वळवायलाच आत शिरली हुती. मला वाटलं आता ही पोट धरून हसणार. पण तिनं कोयता खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आन् झाडांच्या मधल्या शेंदराच्या धोंड्याला हात जोडलं. आवं, ती देवराई हुती! त्यांच्या देवाचं राखलेलं रान. तिथनं वाळकी काटकी न्यायची न्हाई, (माझी मूठ उघडून तिनं त्यातला पाला जागच्या जागी ठेवायला लावला), तिथं भांडायचं न्हाई, आन् तिथं बोललेला शब्द देवाच्या कानावर पडलेला असतो, तो माघारी घेता येत न्हाई. म्या म्हणलं, आत्याबाई, मी भ्यालो हुतो, ते बोलणं खरं धरू नका. तर ती माझ्या पायांकडं बघून म्हणाली, "असं कसं? पाव्हणं, वहाणा काढून बोललाय तुमी."

चिखलानं वहाणा घेतल्या हे सांगत बसलो, तवर म्हातारीनं माझा हात धरला आन् खाली चालू पडली. हात सोडला न्हाई शेवटपतूर, आन् मीबी सोडवून घेतला न्हाई. जेवणाच्या येळेला घरी पोचलो तवर तिनं तीन वाफ्यांवरनं हाळ्या देऊन सगळ्या वाडीला कळवलं हुतं. साखर कंट्रोलात, म्हणून गूळ वाटला. माझ्या हातावरबी ठेवला. मी खाल्ला. न खाऊन सांगतो कुणाला?

तर पाव्हणं, आता तुमच्याकडं मागणं. तुमी मधले. तुमचं बोलणं पेठेत धा मानसं ऐकत्यात. केरबाला पत्र घाला, की भ्यालेल्या मानसाचा शब्द शब्द धरत न्हाईत, पत्रिका जुळत न्हाई, पोरीची आई तयार न्हाई, काय सुचंल ते लिवा, पण ही सोयरीक मोडा. मानसं वाईट न्हाईत. चांगली हायत. पण मी तिथं अर्धा दिवस काढला तर माझी ही गत, पोरीनं जन्म काढायचा? तिथं जनावरं हायत, जळवा हायत, हिवताप हाय. आन् समजा काय झालं तर मला कळणार कसं? गावात कुठंबी दिली असती तर माळाच्या टोकावर चढून बघितलं असतं, तिच्या घरातनं धूर येतोय का. तिथला धूर मला दिसायचा न्हाई. मला भ्या वाटतंय, लालासाहेब. वाघाचं निम्मं आन् ह्याचं निम्मं.

वैनींस आमचा नमस्कार, पोरांस आशीर्वाद. गुडघ्याला निरगुडीचा शेक द्यावा. कळावं.

आपला,
दादासो

ता. क. — धोंडुबाईला मी गवा म्हणून सांगितलंय. म्हैस म्हणू नका.

ता. क. दुसरा — टपालवाला दोन दिवस आला न्हाई, पत्र देवळीत पडून ऱ्हायलं, म्हणून आणखी लिवतो. एक गोष्ट वर लिवली न्हाई, ती आता लिवतो. केरबाच्या घरामागं झरा हाय. त्याचं पाणी बांबूच्या पन्हळीनं थेट दाराम्होरं आणलंय आन् ते दिसभर वाहतंय, कुणी धरत न्हाई. मी गेल्या गेल्या न ऱ्हावून घरातली घागर, हांडा, परात, मापटं, सगळं त्याच्याखाली लावून भरून ठेवलं, आन् परत बघतो तर ते वाहतंयच. केरबाच्या घरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. काल सांजच्याला सुला झिऱ्यावरनं आली. दोन घागरी भरायला वाळूत बसून वाटीवाटीनं किती येळ लागतो ते तुमाला ठावं हाय. दुपारी गेलेली, दिवस मावळताना आली. तिला म्हणलं, तिकडचं काय तुला करायचं न्हाई, मामाला नकार लिवलाय. भाकरी थापता थापता तिनं एवढंच इचारलं, आबा, तिथं पाणी किती लांब? म्या म्हणलं, दारात. ती म्हणाली, दारात म्हंजे किती पावलं? म्या म्हणलं, चुलीम्होरं बसल्या जागी ऐकू येतंय. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग जेवण झाल्यावर, भांडी राखेनं घासताना, तिनं पुन्हा तेच इचारलं. मला वाटलं ऐकलं न्हाई म्हणून इचारतीया. पण तिनं ऐकलं हुतं. तिला ते परत ऐकायचं हुतं.

ता. क. तिसरा — तर नकार कळवू नका. वरचं सगळं खोडलं असं समजा; कागद मिळत न्हाई म्हणून नवा लिवला न्हाई. लगीन माघात धरा. केरबाला फकस्त एवढं इचारून कळवा, की लेकीच्या बापानं वर्सातनं किती येळा आलेलं त्यांच्यात चालतं. नातवंड होईपतूर लेकीच्या घरी जेवायचं नसतं हे मला ठावं हाय. भाकरी मी हितनं बांधून नेईन.